डबीतली शिट्टी

१४ फेब्रुवारी १९८८, जळगाव

काल एरंडोलचा प्रोग्रॅम. येताना मेटॅडोरमध्ये विलासभाऊ गप्प. ऑर्केस्ट्रा पार्टी त्यांची, की-बोर्डही तेच वाजवतात, त्यामुळे ते गप्प म्हणजे काहीतरी बिनसलेलं. आज माझ्या वाइंडिंगच्या दुकानावर आले, चहा घेतला आणि सरळच बोलले. म्हणाले, दिगू, तू बेस वाजवतोस हे बोटं हलतात म्हणून कळतं. ऐकू काही येत नाही.

खरं आहे. गावोगाव लाऊडस्पीकरवाल्यांचे तेच ॲल्युमिनियमचे भोंगे. भोंग्यातून जाड आवाज निघतच नाही, वरचा चिरका तेवढा बाहेर पडतो. माझ्या ॲम्प्लिफायरसमोर बसलेली पोरं सोडली तर मैदानाला बेस गिटार नाहीच.

उपाय एक दिसतो. डिस्टॉर्शन. आवाज फाडला की खालच्या सुरातून वरचे सूर फुटतात, ते भोंगा उचलेल. आज यावलच्या केळीवाल्यांची विहिरीवरची मोटार वाइंडिंगला घेतली होती. तार गुंडाळता गुंडाळता डोक्यात दुसरंच.

२८ फेब्रु.

विलासभाऊंच्या मेव्हण्याने मुंबईहून डिस्टॉर्शनची जपानी डबी आणली. नारंगी, पायाने दाबायची. आहे गिटारसाठीची. बेसला लावली आणि पोटच गेलं आवाजाचं. बाटलीत कोंडलेली गांधीलमाशी.

दुपारी उघडली. आवाज आत शिरतो तिथेच एक चिमुकला कंडेन्सर. तोच खालचे सूर अडवतो. काढून बराच मोठा लावला. शिवाय एक वायर बाजूने नेली: मूळ आवाज न फाटता तिच्यातून जातो आणि शेवटी फाटलेल्यात मिसळतो. किती साधा, किती फाटका, ते ठरवायला एक जादा नॉब.

कुसुम घरातून आली, हातात कणीक. म्हणाली, भिंतीवरचा कॅलेंडरचा खिळा हलतोय.

जमलं म्हणायचं.

१३ मार्च

चोपड्याला नवी डबी. मैदानाच्या पार टोकाला पानाची टपरी होती, मध्यंतरात तिथे गेलो. पानवाला म्हणाला, आज ते जाड जाड काय वाजतंय, मस्त आहे. पानाचे पैसे घेतले नाहीत.

ड्रमवाला बबन आता माझ्या अगदी डाव्या हाताला बसतो. स्टेज लहान असतात. त्याची झांज माझ्या खांद्याला लागते कधी कधी.

२६ मार्च

दुसरी डबी स्वतः बनवली. जुन्या रेडिओतले काळे ट्रान्झिस्टर, पत्र्याचा डबा. आवाज मऊ, जाड, थोडा खरखरीत. आता कुठली वापरायची? दोन्ही लावून कुसुमला ऐकवल्या. ती म्हणाली, ही बोलते, ती भांडते. मलाही घरचीच आवडली.

१० एप्रिल

पारोळ्याला लग्न. मांडवात दुपारी डबी हळूहळू मरायला लागली. आधी आवाज बसला, मग तुटक, मग नुसतं फुरफुर. उन्हात या जुन्या ट्रान्झिस्टरचा जीव जातो हे ऐकून होतो, पाहिलं आज. ओला रुमाल टाकला वर, दोन गाणी तगली.

निवड झाली. उन्हानेच केली. जळगावात एप्रिलमध्येच हे, मेमध्ये काय. घरची डबी कपाटात. नारंगीच वापरायची.

१७ एप्रिल

नारंगीत एक बारीक शिट्टी आहे. वाजवत असताना कळत नाही, गाणं संपलं की मागे उरते. सी... अशी. न थांबणारी. बॅटरी बदलली. आहेच. ॲडॅप्टर काढून पाहिला. आहेच.

उद्या आतून पत्रा बसवतो, बाहेरचं काही शिरत असेल तर अडेल.

२३ एप्रिल

पत्रा बसवला, तुपाच्या डब्याचा कापून. कथलाचे सगळे डाग पुन्हा दिले. जॅक बदलले. शिट्टी किंचित कमी वाटली. मग नाही वाटली.

यंदा डास नाहीत, म्हटलं. कुसुमने आमच्या पोरीला जवळ ओढलं. छकुलीचा हात पुढे केला, कोपरापर्यंत फोड. म्हणाली, कानाशी गुणगुणून झोपू देत नाहीत, आणि तुम्हाला डास नाहीत?

मला कसे ऐकू येत नाहीत?

८ मे

डबीची धार कमी झाल्यासारखी. उन्हाने असेल. टोनचा कंडेन्सर बदलून वरचा आवाज मोकळा केला. आता बरं वाटतं, पूर्वीसारखं.

काल धरणगावला पहिल्या रांगेतल्या एका बाईने पदर कानावर घेतला आणि उठून गेली. तिच्या कडेवरचं पोर रडत होतं. विलासभाऊंनी खूण केली, कमी कर. मी म्हटलं, भोंगे वाईट आहेत. त्यांनी मान हलवली, पण डबीकडेच पाहत होते.

२० मे

दुपारी डबी उघडून बसलो होतो. शिट्टी शोधायचीच असं ठरवून. एकेक भाग सुटा करून ऐकत होतो. तेवढ्यात लाइट गेली. पंखा थांबला, ॲम्प्लिफायरचा लाल दिवा गेला. रस्त्यावर कोणी नाही, उन्हामुळे कुत्रंसुद्धा नाही.

शिट्टी चालू होती.

मी डबीची बॅटरी काढली. वायर काढली. उठून दुकानाच्या दारात आलो. मग रस्त्यावर आलो, पार समोरच्या लिंबाखाली. तिथेही.

डबीत नाही.

२१ मे

रात्री नीट झोपलो, म्हणजे थकव्याचं नसावं. उष्णतेने होतं म्हणतात. सब्जाचं पाणी सुरू केलं. कुसुमला सांगितलं नाही.

१२ जून

दोन आठवडे प्रोग्रॅम नाही, लग्नं आटोपली. कानाला विश्रांती. शिट्टी कमी झालेली नाही, पण सवय होतेय. पंख्याच्या आवाजात लपते.

छकुलीने आज साखर मागितली, मी भाकर दिली. ती हसत सुटली, तिला वाटलं बाबा खेळतात. मग मुद्दाम पुन्हा पुन्हा विचारत राहिली. साखर, भाकर. मी तिच्या तोंडाकडे बघून ओळखत होतो. तोंड फिरवलं तिने की मला एकच ऐकू यायचं.

१ जुलै

साकळीचे नाना महाजन मोटार घेऊन परत आले. मागच्या आठवड्यातच दिली होती मी वाइंडिंग करून. विहिरीत उतरवली आणि दुसऱ्या दिवशी जाम. बेअरिंग गेलेलं, त्याच्या मागोमाग माझं वाइंडिंगही जळलं.

देताना मी ऐकली होती ती मोटार. नेहमीप्रमाणे. स्क्रू-ड्रायव्हरचं टोक बेअरिंगवर, मूठ कानामागच्या हाडावर. साफ होती. चर्र आवाज अजिबात नव्हता.

नाना चांगले माणूस. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, दिगूभाऊ, घरी सुरू केली तव्हाच माझ्या सुनेनं सांगितलं का मोटार कण्हतीय म्हणून. मी म्हटलं, दिगूभाऊनं पाहिलेली शे.

नवीन बेअरिंग टाकून पुन्हा भरून देतो म्हटलं. सुनेला ऐकू आलं. मला नाही.

१७ जुलै, धुळे

वडिलांना, आबांना भेटायला आलो. आबा अठ्ठावीस वर्षं इथल्या कापडगिरणीत मागावर होते. आता ठार बहिरे. घरात सगळे त्यांच्याशी ओरडून बोलतात आणि ते सगळ्यांना हो म्हणतात. आई गेल्यापासून ओटीवर बसून रस्ता बघायचा एवढंच.

जेवण झाल्यावर जवळ बसलो. वहिनी आत होती. त्यांच्या कानाशी तोंड नेऊन विचारलं, आबा, सुरुवातीला काय झालं होतं? त्यांना प्रश्न कळेना. मी माझ्या कानाला हात लावून दाखवला, बोट फिरवलं.

तेव्हा त्यांना कळलं. मग म्हणाले,

"पह्यले शिट्टी वाजे. आम्हले वाटे मागनी शे. मंग घरबी वाजाले लागनी."

मी विचारलं, अजून वाजते?

"नही. आते काहीच नही." आणि माझा कान धरला, लहानपणी धरायचे तसा नाही, हलकेच, आंब्याला हात लावून पाहतात तसा. "तुन्हा वाजस का?"

मी नाही म्हटलं. त्यांना ऐकू आलं नसेल, पण मान हललेली दिसली असेल.

येताना बसमध्ये कंडक्टर तिकिटाचा चिमटा वाजवत सगळ्या गाडीभर फिरला. चिमटा उघडझाप होताना दिसत होता. आवाज पारोळ्यापर्यंत शोधत होतो.

६ ऑगस्ट

विलासभाऊ मोठी बातमी घेऊन आले. धुळ्याचा एक कॅसेटवाला अहिराणी लग्नगीतांची कॅसेट काढतोय. गाणार अनुसयाअक्का, साक्रीकडच्या. लग्नाच्या मांडवात ऐकलंय त्यांना, अंगावर काटा उभा राहतो. साथ आपल्या पार्टीची. कॅसेटवाल्याने चोपड्याला आमची डबी ऐकली होती म्हणे. त्याला तोच जाडा बेस हवाय, हळदीच्या गाण्यावर.

आजवर आमचं वाजवलेलं हवेत गेलं. हे राहील. आबांना ऐकू येणार नाही, पण हातात देता येईल.

दोन दिवस डबीच करतोय. अजून थोडी धार. अजून थोडी.

२१ ऑगस्ट, धुळे

लिहावंसं वाटत नाही पण लिहितो.

खोली लहान, भिंतींना गाद्या ठोकलेल्या. रेकॉर्डिंग करणारे जोशी काचेपलीकडे, कानावर हेडफोन. हळदीचं गाणं पहिलं. अक्का सुरू झाल्या, मी डबीवर पाय ठेवला. मला वाटलं, एवढा चांगला आवाज या डबीने कधी दिला नव्हता.

जोशींनी हात वर केला. थांबवलं. विचारलं, हे चिरकतंय काय? बबनची झांज पाहिली, माइक पाहिला, वायर पाहिल्या. मग एकेकाला वाजवायला लावलं. मी वाजवलं तसं त्यांनी हेडफोन कानावरून ओढून काढला.

डबीतून म्हणे पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा आवाज येत होता. बबनला येत होता. विलासभाऊंना येत होता, गेले तीन महिने येत होता, भोंग्यांवर ढकलून गप्प बसले होते. अक्कांना माझ्यावर राग नव्हता, समजावल्यासारखं म्हणाल्या, "भाऊ, तुन्हं यंत्र दातम्हा कचकच करस. बठ्ठास्ले येस. तुले नही येत का?"

सगळ्यांनाच ऐकू येत होतं, आणि सगळे माझ्याकडे बघत होते.

मी डबी बंद केली आणि साधा बेस वाजवला. सहा गाणी झाली. हळदीचं कॅसेटवाल्याने राखून ठेवलं, डबी दुरुस्त करून आणा म्हणाला, ते गाणं डबीवरच हवंय.

मेटॅडोरमध्ये विलासभाऊ माझ्या शेजारी बसले. मुद्दाम उजव्या बाजूला. त्या कानाने मला बरं ऐकू येतं हे त्यांनी कधी ओळखलं कोण जाणे.

"दिगू, खरं सांग. तुला ऐकू येतं ना?"

येतं, म्हणालो.

२४ ऑगस्ट

कुसुमला सगळं सांगितलं. डास, लिंबाचं झाड, नानांची मोटार, आबा. शेवटी म्हणाली, कुकरच्या शिट्ट्या मोजायला सांगते तुम्हाला आणि भात दर वेळी करपतो, मला वाटायचं लक्ष नाही माझ्याकडे.

उद्या डॉक्टर.

२५ ऑगस्ट

कानाच्या डॉक्टरांकडे लाकडी खोक्यासारखी एक खोली आहे, आत बसवतात. हेडफोन. आवाज आला की बटण दाबायचं. खालचे जाड सूर आले तेव्हा पटापट दाबत होतो. मग वरचे यायला लागले असावेत, कारण डॉक्टर काचेतून बघत होते आणि मला माझी शिट्टी सोडून काही नव्हतं. तिलाच दोनदा बटण दाबलं.

कागदावर एक रेघ काढून दाखवली. डावीकडे सपाट, मग एकदम कडा तुटल्यासारखी खाली. डावा कान जास्त. विचारलं, डाव्या बाजूला काय असतं तुमच्या? सांगितलं, झांज. कामाचं विचारलं, वडिलांचं विचारलं.

म्हणजे डबीची धार कमी होतच नव्हती. मला ऐकू येईल एवढी करायला मी ती वाढवत होतो, आणि वाढवलेलं पुन्हा माझ्याच कानात.

औषध नाही. डॉक्टरांनी सांगितलं ते जसंच्या तसं: "गेलेलं येणार नाही. राहिलेलं राखायचं की नाही, ते तुम्ही ठरवा."

वाजवणं सोडलं तर शिट्टी जाईल का? ते म्हणाले, सांगता येत नाही.

घरी येताना कुसुमने मला रस्त्याच्या आतल्या बाजूला घेतलं. मागून येणारी गाडी मला कळणार नाही म्हणून.

३ सप्टेंबर

कुसुम म्हणते पार्टी सोडा. गणपतीच्या सुपाऱ्या घेतलेल्या आहेत, विलासभाऊंकडे दुसरा बेसवाला नाही. आणि ते हळदीचं गाणं. एवढं एक होऊ दे, म्हटलं. ती म्हणाली, मग मी ऐकते.

दुकानातल्या स्टुलावर बसली. मी डबी उघडली, एकेक कंडेन्सर बदलत गेलो. मी वाजवायचं, तिने सांगायचं. टोचतंय. अजून टोचतंय. आता पोटात लागतं, कानात नाही. हां, आता गोड.

मला फरक कळत नव्हता. तिचं तोंड बघून डाग देत होतो. लग्नाला सात वर्षं झाली, एवढा वेळ तिच्या तोंडाकडे कधी पाहिलं नसेल.

११ सप्टें., धुळे

हळदीचं गाणं झालं. एकाच दमात. जोशींनी काचेतून अंगठा दाखवला. अक्कांनी जाताना डबीवरून हात फिरवला, म्हणाल्या, आते शानी व्हयनी.

आबांना भेटलो नाही. पुन्हा विचारतील म्हणून.

२० सप्टें.

गणपतीचे प्रोग्रॅम चालू. कानात कापूस, डावा कान आणखी जाऊ नये म्हणून बबनला उजव्या बाजूला बसवलं, त्याला कारण सांगितलं नाही. सगळे म्हणतात यंदाचा बेस वेगळाच. मला तो पायाखालच्या फळीतून कळतो.

धुळ्याच्या पार्टीचा माणूस आला होता. त्यांच्या बेसवाल्याला अशीच डबी हवी. भुसावळची पार्टीही विचारते. विलासभाऊ म्हणाले, दिगू, दुकान आहे तुझं, हेच कर, वाजवून किती वाजवशील. चेष्टेत म्हणाले की समजून, कळलं नाही. कुसुम आतून ऐकत होती. संध्याकाळी म्हणाली, बरोबर बोलले. डब्या बनवा, पार्टी सोडा. ऐकायला मी आहे.

पहिल्यांदाच वाटलं की यातून वाट आहे.

२९ सप्टें.

धुळ्याची डबी तयार. भुसावळच्या दोन बाकी. रोज दुपारी छकुली शेजारी खेळायला गेली की कुसुम स्टुलावर. तिला आता बारकावे कळायला लागलेत. मोठ्याने लावा, म्हणते. हळू असलं की टोचणारं लपून बसतं, ॲम्प्लिफायर पूर्ण उघडा. तिचं खरं आहे, तसंच तपासावं लागतं. तिला कापूस देत होतो, तिने नको म्हटलं. कापसातून काय ऐकणार?

३ ऑक्टोबर

आज विलासभाऊंना सांगितलं, नवरात्रानंतर दुसरा बेसवाला बघा. त्यांनी खांद्यावर हात ठेवला. हलकं वाटत होतं.

दुपारी शेवटची डबी लावायला बसलो. कुसुम स्टुलावर. नॉब फिरवला, वाजवलं, टोचतंय का विचारलं. पाहिलं तर ती उजव्या कानावर तळहात दाबून बसली होती. हात काढला, परत दाबला.

म्हणाली, "परवापासून कानात भुंगा बसल्यासारखं वाटतंय. तुम्हाला सांगणार नव्हते."

मी ॲम्प्लिफायर बंद केला. विचारलं, आणि आता?

ती ऐकत राहिली. माझ्याकडे बघत नव्हती, रस्त्याकडे बघत होती. मग छकुलीला आणते असं काहीतरी म्हणून उठली आणि दारातून पाठमोरी बाहेर गेली. जाता जाता उत्तर दिलं नाही, की दिलं आणि मला आलं नाही.

दोघी अजून यायच्या आहेत. डबी टेबलावर उघडीच आहे.